उत्तर नेमकं कोणाचं?

होस्टेलमध्ये राहिलेल्या प्रत्येकाने प्लँचेटबद्दल ऐकलेलं असतं. मोठ्या कागदावर अक्षरं आणि आकडे लिहायचे, मध्ये वाटी उपडी ठेवायची, मेणबत्ती लावायची आणि तिघाचौघांनी वाटीवर एकेक बोट टेकवायचं. थोड्या वेळाने वाटी सरकायला लागते. मग "तू ढकलतोयस", "नाही रे, शप्पथ मी नाही" अशी जुंपते. गंमत अशी की बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. वाटी त्यांच्याच बोटांनी सरकत असते, पण आपण ढकलतोय याचा त्यांना पत्ता नसतो.

हे कोडं फार पूर्वीच सुटलेलं आहे. १८५३ साली लंडनमध्ये टेबलाभोवती बसून ते 'आत्म्यांकडून' फिरवून घ्यायचं वेड पसरलं होतं, तेव्हा मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने एक साधी युक्ती केली. हात आणि टेबल यांच्यामध्ये त्याने पुठ्ठ्याचे थर मऊ डिंकासारख्या पदार्थाने चिकटवून ठेवले. टेबल आपोआप फिरत असेल तर खालचा थर आधी सरकायला हवा. प्रत्यक्षात वरचा, हातांच्या बाजूचा थर आधी सरकला. टेबल हातांना नेत नव्हतं, हात टेबलाला नेत होते. अशा नकळत होणाऱ्या हालचालींना 'आयडिओमोटर' हे नाव विल्यम कार्पेंटर याने १८५२ मध्ये, म्हणजे त्याच्या आदल्याच वर्षी दिलं होतं. मनात एखादी कल्पना असली की स्नायू तिच्या दिशेने किंचित हलतात. हलवणाऱ्याला मात्र ती हालचाल आपली वाटत नाही.

प्लँचेटचा खेळ रात्री दोनला संपतो आणि सकाळी सगळे विसरतात. पण वाटीच्या जागी एखाद्या न बोलणाऱ्या मुलाचा हात असेल तर? त्या हातातून उमटलेल्या वाक्यावर शाळा, डॉक्टर, न्यायालय विश्वास ठेवत असेल तर? असं खरोखर घडलेलं आहे. पण त्याआधी एका घोड्याची गोष्ट सांगायला हवी, कारण या मुलांना ज्या चाचणीने न्याय मिळाला, ती चाचणी त्या घोड्यामुळे सुचली होती.

बर्लिनचा हुशार घोडा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाचे एक निवृत्त शिक्षक राहत. त्यांचा हान्स नावाचा घोडा बेरीज-वजाबाकी करायचा, तारीख सांगायचा. उत्तर तो टापा मारून द्यायचा. सात आणि पाच किती, असं विचारलं की बारा टापा! फॉन ओस्टेन लोकांकडून एक पैसाही घेत नव्हते. १९०४ मध्ये एक समिती नेमली गेली. तिच्यात पशुवैद्य होते, सर्कशीचा व्यवस्थापक होता, शिक्षक होते. समितीला कुठेही लबाडी सापडली नाही आणि तो निष्कर्ष बरोबरच होता. लबाडी नव्हतीच मुळी.

मग ऑस्कर फुंग्स्ट या तरुण संशोधकाने प्रश्न वेगळ्या पद्धतीने मांडला. घोड्याला उत्तर येतं का, हे तपासायचं असेल तर विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं पाहिजे. तसं केल्यावर हान्सची गणितं धडाधड चुकू लागली. विचारणारा माणूस दिसेनासा केला तरी तेच. फुंग्स्टने बारकाईने पाहिलं तेव्हा उलगडा झाला. प्रश्न विचारून झाला की माणूस टापा बघायला किंचित पुढे झुकतो आणि बरोबर आकडा आला की त्याचं डोकं केसभर वर जातं. हान्स टापा थांबवायचा तो तो इशारा पाहून.

फुंग्स्टने १९०७ मध्ये हे सगळं पुस्तकरूपाने प्रसिद्ध केलं. त्यात घोड्याइतकाच माणसाचाही अभ्यास आहे. प्रयोगशाळेत तो स्वतः घोडा झाला! समोरच्याला मनात एक आकडा धरायला सांगायचा आणि त्याचं डोकं बघत टकटक करत आकडा ओळखायचा. समोरच्यांना आपण इशारा देतोय याची कल्पनाही नसायची.

घोडा निर्बुद्ध होता असं यातून सिद्ध होत नाही. माणसाचं शरीर वाचण्यात तो चांगलाच हुशार होता. फक्त गणिताचं उत्तर त्याचं नव्हतं.

हात धरून लिहिणारी मुलं

आता सत्तरच्या दशकातल्या ऑस्ट्रेलियात येऊ. मेलबर्नच्या सेंट निकोलस या इस्पितळात तीव्र अपंगत्व असलेली, बोलू न शकणारी मुलं ठेवलेली होती. तिथे काम करणाऱ्या रोझमेरी क्रॉसली यांना वाटलं की या मुलांना समजतं पुष्कळ, फक्त हात साथ देत नाहीत. म्हणून त्यांनी मुलाचा हात किंवा मनगट आधाराला धरून त्याला अक्षरांच्या फलकाकडे बोट न्यायला मदत करायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या सिराक्यूज विद्यापीठाचे विशेष शिक्षणाचे प्राध्यापक डग्लस बिकलेन यांनी हे पाहिलं. १९९० मध्ये त्यांचा लेख आला आणि 'फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन', म्हणजे सहाय्यकाने हात धरून घडवलेला संवाद, अमेरिकेत झपाट्याने पसरला. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता असलेल्या मुलांसाठी तो विशेष करून वापरला जाऊ लागला.

जे दिसत होतं ते विलक्षण होतं. आयुष्यात एक शब्द न बोललेलं मूल सहाय्यकाने हात धरताच पूर्ण वाक्यं लिहायचं. 'आई, माझं तुझ्यावर प्रेम आहे' या अर्थाची वाक्यं. कविता. ज्या मुलांना कोणी वाचायलाही शिकवलं नव्हतं, ती शुद्धलेखनासकट लिहायची.

आई-वडिलांनी यावर विश्वास का ठेवला, हे समजून घ्यायला थोडा मागचा इतिहास हवा. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ऑटिझमचं पहिलं तपशीलवार वर्णन केलं. पुढची कित्येक वर्षं, मूल असं झालं ते आई थंड आणि कोरडी असल्यामुळे, असं ठासून सांगितलं जायचं. 'रेफ्रिजरेटर मदर' हा शब्द त्यातूनच रूढ झाला. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकात ही कल्पना घरोघरी पोचवली. तिला पुरावा नव्हता. मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मध्येच या कल्पनेविरुद्ध सविस्तर पुस्तक लिहून ऑटिझमची मुळं मेंदूत आणि शरीरात आहेत, असं मांडलं होतं. ते स्वतः ऑटिझम असलेल्या मुलाचे वडील होते. तरीही कितीतरी आयांनी तो दोष आयुष्यभर वागवला. अशा आईला एक दिवस कोणी सांगतं, तुमचं मूल आतून पूर्ण शहाणं आहे, आणि बघा, ते तुम्हाला प्रेमाचं पत्र लिहितंय. आपण तिच्या जागी असतो तर काय केलं असतं? तिला भोळी म्हणणं सोपं आहे, पण ते न्यायाचं नाही.

दोन चित्रं

तरी काहींना शंका येत होतीच. टाइप करताना मुलाची नजर कित्येकदा भलतीकडेच असायची, सहाय्यक मात्र टक लावून फलकाकडे बघत असायचा. आपण स्वतः करून पाहावं. डोळे मिटून, एका बोटाने, आधाराशिवाय मोबाईलवर 'मी आज कॉलेजला गेलो नाही' एवढं टाइप करा. काय उमटतं ते बघा!

न्यूयॉर्क राज्यातल्या ओ. डी. हेक केंद्राने ही पद्धत रीतसर तपासायचं ठरवलं. तपासणारे लोक पद्धतीचे विरोधक नव्हते. केंद्रातल्या अनेक कर्मचाऱ्यांचा तिच्यावर मनापासून विश्वास होता आणि टीकाकारांची तोंडं बंद करणारा पुरावा त्यांना हवा होता. चाचणी अगदी साधी होती. मुलाला एक चित्र दाखवायचं, सहाय्यकाला एक चित्र दाखवायचं, आणि एकाचं चित्र दुसऱ्याला दिसू द्यायचं नाही. कधी दोघांना एकच चित्र, कधी वेगवेगळी. समजा मुलाला किल्ली दिसली आणि सहाय्यकाला कप. टाइप झालं 'किल्ली', तर उत्तर मुलाचं. टाइप झालं 'कप', तर उत्तर सहाय्यकाचं.

१२ सहभागी, ९ सहाय्यक, १८० प्रयत्न. दोघांना एकच चित्र दिसलं तेव्हा बरोबर उत्तरं आली. चित्रं वेगळी असताना मुलाला दिसलेल्या चित्राचं नाव एकदाही आलं नाही. आलं ते बऱ्याचदा सहाय्यकाला दिसलेल्या चित्राचं. हा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे इतर संशोधकांनी अशाच काटेकोर चाचण्या घेतल्या आणि निष्कर्ष तोच निघाला. फुंग्स्टचीच युक्ती. मदत करणाऱ्याला उत्तर माहीत नसू द्या आणि मग काय होतं ते बघा.

सहाय्यक खोटं बोलत नव्हते, हे इथे पुन्हा सांगायला हवं. त्यांना धक्का बसला, काहीजण रडले. वाटीवर बोट ठेवणाऱ्या मुलांसारखंच त्यांनाही प्रामाणिकपणे वाटत होतं की हात मूलच हलवतंय.

पण प्रामाणिकपणामुळे नुकसान टळत नाही. अमेरिकेतल्या मेन राज्यात १९९२ मध्ये न बोलणाऱ्या १६ वर्षांच्या मुलीच्या हातातून, घरच्यांनी आपल्यावर लैंगिक अत्याचार केले, असे आरोप टाइप झाले. तिला आणि तिच्या भावाला घरापासून दूर ठेवण्यात आलं. या प्रकरणात बोस्टनच्या बालरुग्णालयातले वाचातज्ज्ञ हॉवर्ड शेन यांनी दोन चित्रांसारखीच चाचणी घेतली. उत्तरं मुलीला काय दिसलं याची नव्हती, सहाय्यकाला काय दिसलं याची होती. मुलं घरी परत आली. सहाय्यक होत्या जॅनिस बॉयंटन. त्यांनी निकाल मान्य केला, ती पद्धत सोडली आणि २०१२ मध्ये आपला अनुभव एका शास्त्रीय नियतकालिकात सविस्तर लिहिला. आज त्या याच पद्धतीविरुद्ध लोकांना सावध करतात. इतका मोठा उलटा प्रवास करायला काय लागत असेल, याचा विचार करून पाहावा.

१९९४ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने ठराव करून सांगितलं की या पद्धतीला शास्त्रीय आधार नाही. तरी ती गेली नाही, नाव बदलून राहिली. कधी 'सपोर्टेड टायपिंग', कधी आणखी काही. काही नव्या पद्धतींत सहाय्यक मुलाचा हात धरत नाही, अक्षरांचा फलक हवेत धरतो. त्यातली 'रॅपिड प्रॉम्प्टिंग मेथड' ही सोमा मुखोपाध्याय या भारतीय आईने आपल्या मुलाला शिकवताना घडवली आणि पुढे अमेरिकेत नेली. त्यांचे कष्ट आणि माया याबद्दल कोणी शंका घ्यायचं कारण नाही. पण फलक धरणारा हातही हलू शकतो, आणि हान्सच्या बाबतीत तर कोणी त्याला हातसुद्धा लावत नव्हतं. अमेरिकेतल्या वाचा-भाषा-श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये या दोन्ही पद्धती वापरू नयेत असं स्पष्ट सांगितलं आहे.

यावर नेहमी एक आक्षेप येतो. मुलाची परीक्षा घेणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं, मूल घाबरतं आणि म्हणून चुकतं. ऐकायला हे पटतं. पण मूल घाबरलेलं असेल तर उत्तर चुकेल, किंवा येणारच नाही. सहाय्यकालाच दिसलेलं चित्र मुलाच्या बोटातून बिनचूक कसं येईल? आणि परीक्षा मुलाची नसतेच. ती असते मदतीच्या पद्धतीची. मुलाला समजतं असं गृहीत धरून त्याच्याशी आदराने बोलणं ही एक गोष्ट झाली, आणि ती करायलाच हवी. त्याच्या नावावर दुसऱ्याची वाक्यं खपवणं ही वेगळी गोष्ट झाली. दुसऱ्या प्रकारात मूल आणखी मुकं होतं, कारण त्याचं खरं म्हणणं काय आहे हे शोधायचंच सगळे थांबवतात. 'त्याला बोलता येतं की आता!'

डोळ्यांवर पट्टी

आपल्याकडे हात धरून लिहिण्याची पद्धत घरोघरी माहीत नाही. पण तिचा दूरचा चुलत भाऊ बऱ्याच शहरांत येऊन गेला आहे. 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'च्या जाहिराती आठवतात का? दोन दिवसांचं शिबिर, हजारो रुपये फी, आणि मग मूल डोळ्यांवर पट्टी बांधून वर्तमानपत्र वाचतं, रंग ओळखतं, सायकल चालवतं. समोर बसलेले पालक टाळ्या वाजवतात.

मध्यमस्तिष्क हा मेंदूचा खरा भाग आहे, पण तो झोपलेला वगैरे नसतो. डोळ्यांच्या हालचाली, बाहुली लहानमोठी होणं, आवाज आला की तिकडे वळणं, अशी कामं तो सतत करत असतो. त्यातल्या काही पेशी मरत गेल्या की पार्किन्सनचा आजार होतो. तो 'चालू' करायची गरज नाही, आणि चालू करून डोळे मिटून वाचताही येत नाही. येत असतं तर अंधशाळांतल्या मुलांना ब्रेलची गरज उरली नसती.

मुलं वाचतात कशी? नाकाच्या बाजूला पट्टी पूर्ण बसत नाही, तिथल्या फटीतून. म्हणूनच पुस्तक नेहमी नाकाखाली, खालच्या बाजूला धरलेलं दिसतं. ते डोक्याच्या वर धरा, किंवा पोहण्याचा चष्मा आतून नीट काळा करून घाला, की सामर्थ्य नाहीसं होतं. मंगळुरूचे नरेंद्र नायक यांनी हे वर्षानुवर्षं जाहीरपणे दाखवून दिलं आहे, आणि महाराष्ट्रातल्या अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीनेही शिबिरवाल्यांना आव्हानं दिली आहेत.

इथे एक फरक लक्षात घेण्यासारखा आहे. हान्सला आणि त्या सहाय्यकांना काय चाललंय ते माहीत नव्हतं. पट्टी बांधलेल्या मुलाला बहुतेक वेळा माहीत असतं की आपण फटीतून बघतोय. समोर आई-बाबा आनंदाने भरून आलेले असतात, त्यांनी पैसे भरलेले असतात. आठ-नऊ वर्षांचं मूल त्यांना काय सांगणार? ते गप्प राहतं. दोन दिवसांच्या त्या शिबिरात ते एवढंच शिकतं की मोठ्यांना हवं ते दाखवलं की शाबासकी मिळते. फी बुडाली तर पुन्हा कमावता येते. या शिकवणीचं काय करायचं?

मग न बोलणाऱ्या मुलाने बोलायचं कसं?

खरे मार्ग आहेत, आणि ते चमत्कारासारखे दिसत नाहीत. चित्रांची कार्डं आहेत. पाणी हवं असेल तर मूल पाण्याचं चित्र उचलून आईच्या हातात देतं. अशी एक पद्धत १९८५ मध्ये अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी अमेरिकेत तयार केली, आणि ती आज जगभर वापरली जाते. चित्रावर बोट ठेवलं की आवाज देणारी उपकरणं आणि ॲप आहेत. चेन्नईत तयार झालेलं 'आवाझ' आहे, मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं 'जेलो' आहे, आणि ते मराठीतही चालतं. चित्रं दिली तर मूल बोलायचा प्रयत्नच सोडून देईल, अशी भीती पालकांना वाटते. संशोधनात तसं आढळलेलं नाही.

या मार्गांत मदत करणारा सुरुवातीला हात धरतोही. पण पहिल्या दिवसापासून तो हात काढून घ्यायचा बेत असतो. आज मनगट, पुढच्या आठवड्यात कोपर, मग नुसता इशारा, मग काहीच नाही. वेग फार कमी असतो. सहा महिन्यांनी मूल 'पाणी', 'नको', 'बाहेर' एवढंच सांगू लागेल. प्रेमाच्या पत्रापुढे हे फार थोडं वाटतं. पण ते 'नको' शंभर टक्के त्याचं असतं, आणि स्वतःचं 'नको' सांगता येणं ही माणसाच्या आयुष्यातली लहान गोष्ट नाही.

आपल्यापैकी कोणी उद्या बी.एड. करेल, कोणी एनएसएसमधून विशेष शाळेत जाईल, कोणाच्या मावशीच्या किंवा आत्याच्या घरी असं मूल असेल. घरातले लोक तुम्हालाच विचारतील, "अरे, तू शिकलायस, हे खरं आहे का बघ जरा." तेव्हा मानसशास्त्राची पदवी लागत नाही. चार प्रश्न पुरतात. मदत करणाऱ्याला उत्तर माहीत नसताना हे जमतं का? मदत हळूहळू कमी करत नेण्याचा बेत आहे का? शिकवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का? वाचातज्ज्ञ आणि विशेष शिक्षक यांची अशी नोंदणी १९९२ च्या कायद्याने आवश्यक आहे. आणि शेवटचा, साधी तपासणी करू का असं विचारल्यावर समोरचा आनंदाने हो म्हणतो, की तुमच्या श्रद्धेवर, तुमच्या मायेवर बोट ठेवतो?

हे प्रश्न मावशीला उलटतपासणीच्या सुरात विचारू नका. तिच्याजवळ बसा, चहा घ्या, मुलाशी थोडं खेळा. मग दोन चित्रं काढा, एक त्याला दाखवा, एक सहाय्यकाला, आणि काय होतं ते तिलाच बघू द्या.